वर्धा, पुलगाव मार्गे: बर्लिनच्या गोल लाइनवर आर्वीची मावशी

हे प्रकरण माझ्या मावशीचं आहे आणि तिला विचारूनच लिहितो आहे. वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी पास, आर्वी तालुक्यात थोडी कोरडवाहू शेती, त्यात कपाशी आणि तूर. मराठी वाचन चांगलं. इंग्रजी आकडे आणि सुटी मोठी अक्षरं ओळखते, शब्द वाचता येत नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यात ती लेकीच्या बाळंतपणासाठी बर्लिनला गेली. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, म्हणजे परतीची तारीख आधीच ठरलेली. मुलीला शेवटच्या आठवड्यांत डॉक्टरांनी भरती करून ठेवलं, जावई नोकरीवर, म्हणून मावशीने घरून डबा घेऊन रोज एकटीने दवाखान्यात जायचं असा बेत निघाला. जावयाला ते अशक्य वाटत होतं, लेकीला नव्हतं. मी गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, त्यामुळे मावशीला तयार करून पाठवायचं काम माझ्या गळ्यात आलं.

घर शोनहाउझर आले या स्टेशनाजवळ, दवाखाना वेस्टहाफन स्टेशनापासून पायी. मधे दोनच स्टेशनं, गेझुंडब्रुनन आणि वेडिंग. तिसऱ्यावर उतरायचं. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाच्या एका पेराएवढं अंतर.

कंडक्टर नसलेली गाडी

आपल्याकडे एसटीत बसलेल्या माणसाला किती कमी ठरवावं लागतं, हे मावशीला बर्लिन समजावून सांगताना माझ्या लक्षात आलं. गाडी कुठली ते पाटी सांगते, पाटी दिसली नाही तर फलाटावरचा कोणीही सांगतो. तिकीट घ्यायची आठवण कंडक्टर स्वतः येऊन करून देतो. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेही आपण मागायचं नसतं, तो मशीनमधून तसंच काढतो. फाट्यावर उतरायचं असेल तर एकदा सांगून ठेवलं की तो घंटी मारतो, आणि तो विसरला तर मागच्या सीटवरची बाई ओरडते. म्हणजे प्रवास प्रवाशाचा, पण त्यातले निम्मे निर्णय गाडीतले इतर लोक घेतात.

बर्लिनमध्ये ही माणसंच नाहीत. स्टेशनात शिरताना गेट नाही, गाडीत कंडक्टर नाही, बाहेर पडताना विचारणारं कोणी नाही. तिकीट मशीनमधून आपण काढायचं आणि कागदी असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का आपणच मारायचा. पैसे भरले पण शिक्का नाही, तर तुम्ही विनातिकीट. तपासणारे साध्या कपड्यांत चढतात, आणि दंड ६० युरो. एकेरी तिकीट शहरातल्या अ आणि ब विभागांसाठी तेव्हा ३ युरो ८० सेंट होतं, दोन तास चालतं, एकाच दिशेने. परत यायला दुसरं. विमानतळ क विभागात येतो, त्याला जास्त पैसे. भुयारी गाडी, ट्राम आणि बस शहराच्या परिवहन कंपनीच्या, एस-बान, म्हणजे तिथली लोकल गाडी, जर्मन रेल्वेच्या उपकंपनीची, पण तिकीट सगळीकडे एकच चालतं.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी बदलली तं दुसरं तिकीट काहून नाही लागत? दुसऱ्या गाडीवाल्याले पैसे कोन देते मंग?" याचं उत्तर मी जमेल तसं दिलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही, पण ती फुकटच्या सवलतीवर वाद घालणारी बाई नाही.

नागपूरची तालीम

कागदपत्रांच्या कामाला नागपूरला जाणं होतंच, तेव्हा मेट्रोत बसवून आणलं. सिताबर्डीला दोन्ही लाइनी एकमेकींना ओलांडतात. एक ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, दुसरी प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. फलाटावर उभं राहून एकच गोष्ट शिकवली: आपल्याला कुठे उतरायचं ते पाटीवर शोधू नको, गाडी शेवटी कुठे जाते ते वाच. हे तिला शिकवावं लागलंच नाही खरं तर. आर्वीच्या स्टँडवर जिचं अर्धं आयुष्य गेलं तिला शेवटचं गाव वाचून मधलं गाव काढता येतं. पाटीवर 'नागपूर' असलं तरी आपल्याला तळेगावला उतरायचं आहे, हे तिथलं पोरगंही जाणतं.

सरकत्या जिन्याला मात्र वेळ लागला. पदर खोचून, पहिलं पाऊल ठेवायच्या आधी कठडा धरून, दोन-चार वेळा वरखाली केलं आणि मग जमलं.

या तालमीचा निम्मा भाग बर्लिनला कामाचा नव्हता. नागपूरला तिकिटाशिवाय फाटक उघडत नाही, त्यामुळे मेट्रोत शिरलो म्हणजे तिकीट बरोबरच आहे असा भरवसा तयार होतो. तो भरवसा बर्लिनला ६० युरोला पडू शकतो. दारांचंही तसंच. इथे दार आपोआप उघडतं. तिथल्या एस-बानचं दार बटण दाबल्यावर उघडतं. दारासमोर सभ्यपणे वाट पाहत उभं राहिलं तर गाडी निघून जाते. म्हणून माझं मत असं की जवळच्या मेट्रोची तालीम जिने, फलाट आणि गर्दी यांच्यासाठी करावी, तिकिटाच्या सवयीसाठी नको.

वही

मोबाइलवर नकाशा होता, पण मावशीचा विश्वास वहीवर. म्हणून दोनशे पानी वहीचं एक पान बर्लिनसाठी केलं. स्टेशनांची नावं देवनागरीत लिहायची तर कोणाच्या उच्चाराने? मी इंग्रजी अक्षरं पाहून लिहिलं असतं तर गाडीतल्या घोषणेशी ते जुळलं नसतं. म्हणून लेकीला फोनवर एकेक नाव तिकडच्या लोकांसारखं म्हणायला लावलं आणि मावशीने स्वतः ऐकून लिहिलं. गेझुंडब्रुनन. वेडिंग. वेस्टहाफन. मावशीच्या हातचं असल्यामुळे ते तिला ऐकू येत होतं, नुसतं दिसत नव्हतं.

पाट्या मात्र रोमन लिपीत, त्यामुळे प्रत्येक नावाशेजारी लेकीने पहिली काही अक्षरं काढून पाठवली. इथे एक खाच निघाली. वेडिंग आणि वेस्टहाफन ही लागून असलेली दोन स्टेशनं, दोन्हीची पहिली दोन अक्षरं एकच. त्याच लाइनवर पुढे वेस्टएंड आणि वेस्टक्रॉइझ आहेत, तीही तशीच सुरू होतात. पहिल्या अक्षरावर भरवसा ठेवणाऱ्या माणसासाठी हा चकवा आहे. मग ठरलं की नाव आणि गिनती दोन्ही धरायचं. दार बंद झालं की एक बोट मोजायचं. तिसरं बोट आलं आणि घोषणेत 'हाफन' ऐकू आलं की उतरायचं.

पण खरी अडचण वहीत मावतच नव्हती. एस ४१ आणि एस ४२ या गोल फिरणाऱ्या गाड्या आहेत. साधारण ३७ किलोमीटरचं वर्तुळ, त्यावर २७ स्टेशनं, पूर्ण फेरीला एक तास. या लाइनला शेवटचं गावच नाही! नागपूरला जे पक्कं केलं, शेवटचं नाव वाच, ते इथे कुचकामी. त्याच शोनहाउझर आलेवर वरून जाणारी यू २ ही लाइन आहे. तिची एक गाडी पांकोला जाते, दुसरी रूलेबनला, अगदी एसटीसारखी. (यू म्हणजे भुयारी लाइन, पण या स्टेशनात ती खांबांवरून जाते आणि एस-बान खाली खोदलेल्या चरातून. मावशीने यावर जावयाला बरंच छळलं म्हणे.) गोल गाडीवर मात्र नुसता वळलेला बाण असतो. एस ४१ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, एस ४२ उलटी.

घड्याळाचे काटे मावशीला फारसे भावले नाहीत. "एक्केचाळीस प्रदक्षिणा, बेचाळीस उलटी," तिने आपल्या शब्दांत बसवलं, आणि जाताना उलटं जायचं, येताना सुलटं, हे वहीत लिहून टाकलं. ते माझ्या तीन वाक्यांपेक्षा पक्कं होतं.

पासचा वाद

जर्मनीत १ मे २०२३ पासून देशभराचा एक मासिक पास मिळतो. सुरुवातीला ४९ युरोला होता, २०२५ मध्ये ५८ युरो. देशातल्या कोणत्याही शहराची बस, ट्राम, भुयारी गाडी, एस-बान आणि छोट्या पल्ल्याची रेल्वे त्यावर चालते, लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो आणि वर्गणीसारखा आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. पास एकाच माणसाच्या नावाचा, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र हवं.

जावयाचा हिशेब सरळ होता. तीन स्टेशनांपर्यंतच्या प्रवासाला तिथे कमी दराचं छोटं तिकीट मिळतं, आणि मावशीला जायचं होतं बरोबर तीन स्टेशनं. मग ५८ युरो, म्हणजे साडेपाच हजार रुपयांच्या वर, कशाला घालायचे? लेक म्हणाली, पासच काढा. मावशीही जावयाच्या बाजूने होती, पैसा वाचतो म्हणून.

मी लेकीच्या बाजूने होतो. छोट्या तिकिटावर चौथं स्टेशन आलं की तुम्ही विनातिकीट. म्हणजे ते तिकीट न चुकणाऱ्या माणसासाठी आहे. नवखा माणूस चुकणारच, आणि त्याच्या प्रत्येक चुकीवर दंडाची टांगती तलवार असेल तर तो डोकं वापरायचं सोडून घाबरतो. मावशीच्या तयारीत वही, तालीम, उच्चार या सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगाचं काही झालं असेल तर ते म्हणजे चूक स्वस्त करून ठेवणं. पास म्हणजे त्याचीच किंमत. शेवटी लेकीने पुढच्या पहिल्या तारखेपासून पास काढला, मावशीच्या फोनमध्ये, मावशीच्या नावाने. फोन बंद पडला तर पास असून नसल्यासारखा, म्हणून पिशवीत पॉवर बँक. तोवरचे दिवस जावई सोबत जायचा आणि कागदी तिकिटावर मावशी स्वतः शिक्का मारायची. ते तिला आवडायचं.

त्या दिवशी

पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस ती बाजार करून आली आणि स्टेशनात नेहमीच्या जिन्याऐवजी दुसऱ्या टोकाच्या जिन्याने उतरली. फलाट एकच आहे, दोन्ही बाजूंना रूळ. रोजच्या जिन्यावरून बेचाळीस उजव्या हाताला यायची, आणि वहीत काहीही लिहिलेलं असलं तरी शरीराने 'उजवीकडे' एवढंच पाठ केलं होतं. दुसऱ्या टोकाने आलं की उजवं-डावं फिरतं. गाडी उभीच होती, बटण दाबलं, चढली.

पुढचं स्टेशन गेझुंडब्रुनन असायला हवं होतं. आलं प्रेन्त्सलाउअर आले.

तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे साडेबारा, मधल्या सुट्टीची वेळ. शाळेत खिचडीचं वाटप चाललेलं. फोन वाजला. जावयाला आधी लावून झाला होता, तो मीटिंगमध्ये.

"बाबू, जी नाही आला. पी आला."

मी नकाशा उघडला. सगळ्यात जवळचा उपाय म्हणजे पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि समोरून येणाऱ्या बेचाळीसमध्ये बसायचं. तेच सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तिने विचारलं, "ही एक्केचाळीसच आहे. आतमधी लिवलेलं दिसून राह्यलं. प्रदक्षिणावाली. म्हंजे हे वर्ध्याले जातेच नं? पुलगाव मार्गे जाऊन राह्यली इतकंच."

आर्वीहून वर्ध्याला दोन रस्त्यांनी जाता येतं. खरांगणा मार्गे जवळ, पुलगाव मार्गे लांब. स्टँडवर पुलगाव मार्गेवाली गाडी लागलेली असेल तर आमच्याकडची घाई नसलेली माणसं सरळ तीच धरतात. मावशीने गोल लाइन अशी वाचली होती. वेस्टहाफन येणारच, उलट्या बाजूने.

"मंग उतरू काहून?" ती म्हणाली.

ती उतरली नाही. ओस्टक्रॉइझ, ट्रेप्टॉवर पार्क, नॉयकोल्न, टेम्पेलहोफ, स्युडक्रॉइझ, वेस्टक्रॉइझ, अशी शहराची सगळी कड पाहत, तीन स्टेशनांच्या जागी चोवीस स्टेशनं जाऊन, तासाला थोडा कमी वेळ लावून वेस्टहाफनला पोचली. मधे तपासणारे चढले. तिने फोनवरचा पास दाखवला, पासपोर्ट दाखवला, ते पुढे गेले. दवाखान्यात डब्यातला वरणभात कोमट झाला होता, मेथीच्या लाडवांना काही झालं नव्हतं.

तिचं बरोबर होतं का

यावर घरात अजून एकमत नाही. जावयाचं म्हणणं, पुढच्या स्टेशनवर उतरून समोर बसली असती तर दहा-पंधरा मिनिटांतच गोष्ट संपली असती. गर्दीच्या वेळी गोल लाइनवर पाच-पाच मिनिटांनी गाडी असते. वेळेचा हिशेब पाहिला तर त्याचं बरोबर आहे.

मला तिचा निर्णय जास्त पटतो. गोंधळलेल्या अवस्थेत अनोळखी फलाटावर उतरणं म्हणजे नव्याने सगळं ठरवणं: कुठली बाजू, कुठली गाडी, कुठला आकडा. आधीची चूक ज्या कारणाने झाली तेच कारण तिथेही हजर होतं. बसून राहिल्यामुळे तिला एकही नवा निर्णय घ्यावा लागला नाही.

पण एक गोष्ट सोडून ही बढाई मारता येणार नाही. शोनहाउझर आलेच्या त्याच फलाटावर एस ८ आणि एस ८५ याही गाड्या येतात. बेचाळीसच्याच बाजूने येणारी एस ८ गेझुंडब्रुननला जात नाही, गोल लाइन सोडून बोर्नहोल्मर श्ट्रासेकडे वळते आणि उत्तरेला शहराबाहेर निघते. मावशी त्यात असती आणि 'बसून राहा, येईल' असं म्हणाली असती तर वेस्टहाफन कधीच आलं नसतं. म्हणजे तिचा निर्णय बरोबर ठरला तो तिने आधी गाडीचा आकडा पाहिला म्हणून. बसून राहायचं ते फक्त एक्केचाळीस-बेचाळीसमध्ये, दुसरा कुठलाही आकडा दिसला तर लगेच उतरायचं, हे त्या दिवशी संध्याकाळी वहीत लिहिलं गेलं. 'उजवीकडे' हा शब्द खोडला गेला. आणि छोट्या तिकिटाचा विषय जावयाने पुन्हा काढला नाही.

लाइनचं काम निघालं की तिथे काही टप्प्यात गाडी बंद ठेवून रुळांऐवजी बदली बस सोडतात. तसं झालं तर काय, याचं उत्तर आमच्या वहीत नव्हतं. तेवढ्यासाठी जावयाने जर्मन भाषेत एक ओळ लिहून दिली होती, 'मला वेस्टहाफनला जायचं आहे, कृपया दाखवा.' तिथले लोक स्वतःहून बोलत नाहीत, गाडीत तर कोणी कोणाकडे पाहतही नाही. मावशीला सुरुवातीला वाटलं, सगळे कोणावर तरी रागावले आहेत. पण पान पुढे केलं की माणूस थांबतो आणि बरोबर सांगतो, हा तिचा अनुभव.

बसमध्ये ती शेवटपर्यंत एकटी बसली नाही. रेल्वेत स्टेशन मोजता येतं, कारण गाडी प्रत्येक ठिकाणी थांबते. बस थांबा मागितल्याशिवाय आणि थांब्यावर माणूस नसताना थांबत नाही, मग बोटं मोजून उपयोग नाही. तिने याला पर्याय शोधला नाही, पायी गेली.

आता गावातलंच आणखी एक जोडपं मुलाकडे लंडनला निघालं आहे आणि वही मागायला आलं होतं. वहीतलं फारसं त्यांच्या कामाचं नाही. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. बँकेचं कार्ड मशीनला टेकवायचं, भुयारी गाडीत शिरताना आणि निघताना दोन्ही वेळा, तेही तेच कार्ड. निघताना टेकवलं नाही तर जास्त पैसे कापले जातात. बसमध्ये मात्र चढतानाच एकदा. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर आणि न घालता टेकवण्याची सोय आधी सुरू करून घ्यावी लागते, नाहीतर तिथे पोचल्यावर फाटकापुढे उभं राहायची वेळ येते. आणि एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाचं वेगळं हवं. काकूंच्या नावाने कार्डच नाही, म्हणून सध्या आर्वीच्या बँकेत चकरा चालू आहेत. काका तिथल्या साहेबाला विचारून आले, जोडीनं चाललो तं एक काहून पुरत नाही.